रकाना

पाळीवर उभी राहून एक हाक मारली असती
तर बाबा डोंगा वळवून आले असते.
एवढंच अंतर होतं.

तिशीच्या वरचे सगळे, असं सांगितलं होतं बैठकीत.
एकशे बेचाळीस घरं. टेप, पेन, फॉर्मांचा गठ्ठा,
आणि सिस्टरनं शिकवलेली ती बारीक सुई
जिच्यापुढे मिशीवाले तोंड फिरवून बसत.
सरपंचाचं बोट पिळलं, कौतिकाबाईचं पिळलं.
फागूजीच्या दारातून परत आले, आमची बोलाचाली नाही.
बाबा पहाटेच पाण्यात. शिंगाड्याचे दिवस.
त्यांचा फॉर्म मी चुलीपाशी भरला, भात शिजेस्तोवर :
दुधराम झिबल वलथरे, अठ्ठावन्न.
तंबाखू : हो. कंबर : अंदाजे.
मधुमेह : नाही.
आमच्या घरी साखर येतेच किती.

मुंग्यांना ठाऊक होतं.
बाबा रात्रीतून चारदा उठून न्हाणीमागे जायचे
आणि सकाळी तिथं काळी ओळ लागलेली.
आई म्हणायची, राहू दे, मुकं जनावर,
आणि चिमूटभर कणीक टाकायची त्यांच्या वाटेवर.

मग काटा.
शिंगाड्याचा, चिखलात उलटा पडलेला.
'काटाच आये वो. निंगला बी.'
दुखलं नाही त्यांना. खरंच नाही.
तिथंच कळायला हवं होतं मला,
दिवाळीपासून त्यांची चप्पल वाटेत गळून पडायची
आणि ते एका पायानं अनवाणी घरी यायचे,
आम्ही हसायचो.

बिब्बा लावला. घोटा सुजला.
तिसऱ्या दिवशी पोटरी तांब्याच्या घागरीसारखी,
वर जांभळ्या पाण्याचे फोड,
आणि बोटानं दाबलं की आत काही कुरकुरायचं,
वाळल्या तुरीच्या शेंगांवर पाय पडावा तसं.
वासही होता. पण आम्ही ढिवर.
आटत्या तलावाच्या वासात वाढलेल्या घराला
मासोळी कुठली आणि माणूस कुठला, कळायला
एक रात्र जास्त लागली.

साकोलीच्या दवाखान्यात यंत्र लावलं,
माझ्या पिशवीतल्यासारखंच.
आकडा आलाच नाही. दोन इंग्रजी अक्षरं आली.
मी मोठ्यानं वाचलं : हाय.
आईला वाटलं मी रडायला लागले,
तिनं पदर तोंडात कोंबला.
मापाच्या वर, असा त्याचा अर्थ.

नागपूरला मेडिकलमध्ये डॉक्टरनं पेनानं रेघ मारली
लाली कुठवर आली ते बघायला.
तासाभरात लाली रेघ ओलांडून पुढं.
'आधी कधी तपासली होती का शुगर?'
त्यांच्या खिशाला पेन होतं, माझ्याही.
मी म्हटलं, नाही.
तोच शब्द, दुसऱ्यांदा.

चार वेळा आत नेलं.
दर वेळी बाबा थोडे कमी होऊन आले.

आता ते पाळीवर बसतात, उजवा पाय गुडघ्याखाली संपतो,
उकडलेले शिंगाडे विळीवर सोलतात.
रात्री नसलेल्या अंगठ्याला खाज सुटते म्हणतात.
जो पाय होता तेव्हा मुका होता
तो गेल्यावर बोलायला लागला आहे.
मला त्यांनी काही म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं.

यंदा पुन्हा फॉर्म आले.
घरचे दोन आधी केले, बोट पिळून.
आता दारात उभी राहिले की आधी विचारते :
चप्पल गळून पडते का?
न्हाणीमागे मुंग्या लागतात का?
त्याला रकाना नाही, मी समासात लिहिते.

फागूजीकडेही गेले.
तो हसला. म्हणाला, मुंग्या काय, मले काईच होत नाई.
बाज ओढून बसला, तंबाखू मळत,
आणि मी म्हणेना की तळवा दाखव,
तरी माझ्या नजरेला कंटाळून पाय वर केला.
टाचेत काटा होता.
बाभळीचा, मुळापर्यंत गेलेला, टोक झिजून गेलेलं.
कधीचा, विचारलं.
त्यानं वाकून पाहिलं,
दुसऱ्याच कुणाच्या पायाकडे पाहावं तसं.